पेशी अर्धवाहक नॅनोकण गिळते, पण पुढे त्याचे काय करते?

यशोदाकाठचा मास्तर

नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात माध्यमिक शाळेवर विज्ञान शिकवतो. प्रश्न माझ्या वर्गातून निघाला, पण तो येथे विचारण्याची घाई घरातून झाली, म्हणून दोन्ही गोष्टी सांगतो.

२०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मौंगी बावेंडी, लुईस ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना क्वांटम डॉट या अर्धवाहक नॅनोकणांच्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी मिळाले, हे मी दहावीच्या वर्गात सांगत होतो. टीव्हीच्या पडद्यात हे कण असतात आणि वैद्यकीय संशोधनात पेशी उजळून पाहण्यासाठीही ते वापरतात, एवढे बोलून मी पुढे सरकणार, तोच मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, पेशीला तो कण घास वाटतो की काटा? आणि गिळला तर मग ती तो थुंकते कुठे?" पेशीय भक्षण आणि लयकारिका हे दोन शब्द मी फळ्यावर लिहिले खरे, पण त्यापुढे मला काही सांगता आले नाही.

आता घरची गोष्ट. माझ्या आतेभावाला वीस वर्षांपासून खर्‍याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, सवय आहे. त्याच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला आहे आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितले. नेमका त्याच आठवड्यात नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश फिरत आला, की आता चमकणारे नॅनोकण सुईने देतात, ते कर्करोगाच्याच पेशी शोधतात आणि त्यांनाच मारतात, कापाकापीचे काम उरलेले नाही. तेव्हापासून तो "थोडे थांबून पाहू" म्हणतो आहे.

तेव्हा जाणकारांनी सांगावे: हा कण पेशीत शिरतो कसा, आत त्याचे काय होते, तो बाहेर पडतो का, आणि त्यातल्या कॅडमियमची भीती कितपत खरी आहे?

पेशीवेडी

गुरुजी, नमस्कार. माझे माहेर दारव्ह्याचे. गेली अकरा वर्षे मी पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काम करते आणि त्यातली चार वर्षे याच कणांच्या मागे गेली आहेत.

आधी आपल्या आतेभावाविषयी. क्वांटम डॉटची सुई हा कर्करोगावरचा मान्यताप्राप्त उपचार आज कोठेही नाही, त्यामुळे ज्याची वाट पाहायची ती वस्तूच अस्तित्वात नाही. तोंड कमी उघडणे आणि पांढरा चट्टा ही दोन्ही लक्षणे कर्करोगाच्या आधीच्या बदलांची असू शकतात, आणि ते बदल कोणत्या टप्प्यावर आहेत हे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. कृपया या आठवड्यातच त्यांना घेऊन जा, आणि खर्रा त्याआधीच बंद करायला लावा.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येते. "घास की काटा" याचे उत्तर देण्याआधी कणाचे आकारमान डोळ्यांपुढे आणावे लागेल. दहा मायक्रोमीटरची साधी पेशी दहा मीटर लांबीच्या गोठ्याएवढी मानली, तर पाच नॅनोमीटरचा क्वांटम डॉट तुरीच्या दाण्याएवढा होतो, आणि त्यावर पाण्यात विरघळण्यासाठी दिलेले लेप धरले तर बोराएवढा. गंमत अशी, की याच मापाने पेशीपटलाची जाडीही जवळजवळ तुरीच्या दाण्याएवढीच भरते. एवढासा कण त्या पातळ भिंतीतून सहज आरपार जात असेल असे वाटते, पण बहुतेक वेळा तसे होत नाही. पटलाचा आतला थर तेलकट असतो आणि लेप दिलेला कण पाण्याशी सलगी करणारा असतो. म्हणून पेशी त्या जागी पटल आत ओढते, कणाभोवती शंभरेक नॅनोमीटरची, म्हणजे आपल्या गोठ्याच्या हिशेबाने मुठीएवढी पिशवी तयार होते, आणि ती पिशवी तुटून आत येते. आपण फळ्यावर लिहिलेले पेशीय भक्षण ते हेच.

मात्र पेशी गिळते ते नेमके काय, हा या विषयातला सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग आहे. कण रक्तात किंवा पेशींच्या पोषकद्रवात पडला, की काही क्षणांतच त्यावर प्रथिने येऊन चिकटू लागतात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वावरातून चालताना चपलेला थरावर थर चिकटत जातो आणि शेवटी चप्पल कोणती होती हेच दिसेनासे होते, तसे हे घडते. बाहेरच्या थरात अल्ब्युमिन आहे की रोगप्रतिकारक प्रथिने, यावर पेशी त्या कणाला ओळखीचा समजते की उपरा, हे ठरते. कर्करोगाच्या पेशीवरील एखादा ग्राही, म्हणजे ठरावीक रेणू पकडणारे पटलावरचे प्रथिन, ओळखणारे प्रतिपिंड आपण कणावर मोठ्या कष्टाने जोडतो, आणि काचेच्या तबकडीत तो कण बरोबर निशाण साधतोही, परंतु रक्तद्रव मिसळला की त्या प्रतिपिंडावरच हा थर चढतो आणि निशाण चुकू लागते. "ते कर्करोगाच्याच पेशी शोधतात" हे वाक्य संदेशांत जितके सहज लिहिले जाते, तितके ते सहज नाही, ते या थरामुळे.

तरीही निशाण कधीच साधत नाही असे नाही. १९९८ मध्ये एकाच सुमारास दोन गटांनी क्वांटम डॉट जैविक खूण म्हणून वापरता येतात हे दाखवले, त्यांपैकी एक गट बर्कलीचा पॉल अलिव्हिसाटोस यांचा आणि दुसरा इंडियाना विद्यापीठातील शुमिंग नी यांचा होता. दुसऱ्या गटाने कणांवर ट्रान्सफेरिन हे लोह वाहून नेणारे प्रथिन बसवले होते. पेशीला लोह हवेच असते, त्यामुळे तिने ट्रान्सफेरिनच्या ग्राहीमार्फत ते कण स्वतःहून आत घेतले, आणि ज्या कणांवर ते प्रथिन नव्हते ते बाहेरच राहिले. मुलीला सांगा, काट्याला गुळाचे बोट लावले की पेशीला तो घास वाटतो.

गिळलेल्या कणाची पिशवी हळूहळू आंबट होत जाते. पेशीबाहेरच्या द्रवाचा सामू ७.४ असतो, तो पिशवीत सहा-साडेपाचपर्यंत येतो आणि लयकारिकेत, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीत, साडेचार ते पाचपर्यंत उतरतो. म्हणजे आंबट ताकाएवढी आम्लता, शिवाय प्रथिने आणि मेद पचवणारी विकरे. आमच्या आजीच्या घरी पितळेचे एक मोठे पातेले होते. त्याची कल्हई गेली, की त्यात ताक ठेवायला आजी कोणाला देत नसे, कारण ताक कळकते, म्हणजे आंबटपणाने धातू सुटून ताकात उतरतो. मग दिवाळीच्या आधी कल्हईवाला भाता लावून बसे, नवसागर टाकला की पांढरा धूर निघे आणि कथिलाचा हात फिरला की पातेले आतून चांदीसारखे दिसे. क्वांटम डॉटचे नेमके हेच दुखणे आहे. त्याचा गाभा बहुधा कॅडमियम सेलेनाइडचा असतो आणि त्यावर झिंक सल्फाइडचे कवच चढवतात. कवच शाबूत आहे तोवर लयकारिकेतल्या आंबटपणातही कॅडमियम फारसे सुटत नाही. कवच पातळ असेल, कोठे फट असेल, किंवा कण हवेत आणि अतिनील प्रकाशात राहून त्याचा पृष्ठभाग गंजला असेल, तर कॅडमियमचे आयन सुटतात आणि पेशी आतून कळकते.

हे २००४ मध्ये संगीता भाटिया यांच्या गटाने उंदराच्या जातीच्या प्राण्याच्या यकृतपेशींवर फार स्वच्छपणे दाखवले. कवच नसलेले कण हवेत किंवा अतिनील प्रकाशात ठेवून मग पेशींना दिले, तेव्हा पेशी मेल्या, आणि झिंक सल्फाइडचे कवच दिल्यावर हा परिणाम बराच घटला. सुटलेले कॅडमियम पेशीतल्या प्रथिनांच्या गंधकयुक्त टोकांना धरून बसते, ग्लुटाथायोन या पेशीच्या राखणदार रेणूचा साठा संपवते आणि तंतुकणिकांचे काम बिघडवते. या धातूची भीती पोकळ नाही. जपानमध्ये जिंझू नदीच्या पाण्यातले कॅडमियम भातात उतरले आणि त्यातून हाडे ठिसूळ करणारा इताई-इताई हा रोग झाला. एकदा मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम अर्ध्यावर यायला दहा ते तीस वर्षे लागतात.

आज एवढेच लिहिते, प्रयोगशाळेत पेशींना नवे खाद्य घालायची वेळ झाली.

निवृत्त रसायन

पेशीवेडी ताईंनी कल्हईची उपमा सुरेख दिली, पण रसायनशास्त्राच्या बाजूने तीत एक दुरुस्ती आवश्यक वाटते. कल्हई फक्त राखण करते, पातेल्याच्या पितळेचा गुण ती वाढवत नाही. झिंक सल्फाइडचे कवच मात्र कणाचा प्रकाशही वाढवते.

अर्धवाहकावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला, की एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि खाली त्याची रिकामी जागा, म्हणजे विवर, उरते. इलेक्ट्रॉन परत त्या विवरात पडला की फरकाची ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर येते. कण लहान केला, की इलेक्ट्रॉनला वावरायला जागा कमी पडते आणि पातळ्यांमधले अंतर वाढते. म्हणूनच कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे दोन नॅनोमीटरचा कण निळसर हिरवा दिसतो आणि सहाच्या आसपासचा तांबडा. पदार्थ तोच, फक्त आकार वेगळा. गाभ्याच्या पृष्ठभागावरील अपुऱ्या बंधांत हा इलेक्ट्रॉन अडकला, तर प्रकाश निघतच नाही. झिंक सल्फाइडमध्ये पातळ्यांमधले अंतर गाभ्यापेक्षा बरेच मोठे असल्यामुळे त्याचे कवच इलेक्ट्रॉनला गाभ्यातच कोंडून ठेवते आणि दीप्ती अनेक पटींनी वाढते. म्हणजे एकाच कवचाकडे दोन नोकऱ्या आहेत, बाहेरचे आम्ल आत येऊ न देणे आणि आतला इलेक्ट्रॉन बाहेर जाऊ न देणे.

दुसरी नोकरी बिघडली तर काय होते, हे वैद्यकात महत्त्वाचे आहे. इलेक्ट्रॉन किंवा विवर पृष्ठभागाबाहेर निसटले, की ते शेजारच्या ऑक्सिजनला किंवा पाण्याला धरतात आणि सुपरऑक्साइड, हायड्रॉक्सिल यांसारखे उग्र मूलक, म्हणजे भेटेल त्याच्याशी अभिक्रिया करणारे कण, तयार होतात. पेशी पाहायची असेल तर हा दोष आहे, पण पेशी मारायची असेल तर हाच गुण आहे. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये कॅडमियम टेलुराइडचे, पातळ्यांमधले अंतर २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असलेले कण असे निवडले, की प्रकाश पडल्यावर औषधांना न जुमानणारे जिवाणू मरावेत आणि त्याच तबकडीतल्या सस्तन प्राण्यांच्या पेशी वाचाव्यात. अंतर थोडे बदलले की हा परिणाम जातो, म्हणजे विष कोणते यापेक्षा त्या विषाची ऊर्जापातळी किती याला तेथे महत्त्व होते. जिवाणू आपल्या पेशींप्रमाणे कण गिळत नाहीत हेही लक्षात ठेवावे. त्यांच्याशी जे होते ते मूलकांमुळे होते.

शाळेत दाखवण्यासाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. आपल्याच जिल्ह्यातली वायगावची हळद चिमूटभर घेऊन हात धुवायच्या सॅनिटायझरमध्ये घोळवावी, वरचा स्वच्छ पिवळा द्रव काचेच्या पेल्यात काढावा आणि अंधाऱ्या खोलीत त्यावर नोटा तपासायचा अतिनील टॉर्च मारावा. द्रव हिरवट पिवळ्या रंगाने उजळतो, ही कर्क्युमिनची प्रतिदीप्ती. त्यानंतर हळदीत भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून ते उन्हात टाकावे. उघडा भाग दुपारपर्यंत फिकट पडतो. हळदीचा डाग उन्हात उडतो हे आपल्या घरातल्या बायकांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. पेशी रंगवण्याच्या जुन्या सेंद्रिय रंगांची अडचण नेमकी हीच होती, की दिव्याखाली ते उडून जात. २००३ मध्ये चेतापेशीच्या पटलावरील ग्लायसीनचा एकेक ग्राही क्वांटम डॉट बांधून कित्येक मिनिटे पाहता आला, तो साध्या रंगाने काही सेकंदच दिसत असे.

आणि संदेशातल्या "शरीरात चमकणाऱ्या" कणांविषयी: मोबाइलचा टॉर्च बोटाखाली धरून पाहा. बोट तांबडे दिसते, कारण निळा आणि हिरवा प्रकाश रक्त आणि मांस गिळून टाकतात. म्हणून टीव्हीतले हिरवे-तांबडे कण यकृताच्या खोलीत असले तरी बाहेरून दिसणार नाहीत. तेथे अवरक्ताजवळ प्रकाशणारे वेगळे कण लागतात. २००४ मध्ये अशा कणांनी डुकराच्या लसिका ग्रंथी त्वचेखाली उजळून दाखवल्या, तेव्हा शल्यविशारदांना पडद्यावर ग्रंथी नेमकी कोठे आहे हे चीर देण्याआधीच दिसले. माणसांत मात्र त्या कामासाठी इंडोसायनिन ग्रीन हा सेंद्रिय रंगच वापरला जातो, कारण त्यात कॅडमियम नाही आणि तो यकृतातून पित्तावाटे निघून जातो.

यशोदाकाठचा मास्तर

दोघांचेही आभार. आतेभावाला पेशीवेडी ताईंचा पहिला परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण शुक्रवारी यायला तयार झाला आहे.

मुलीच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे पेशी तो कण थुंकते कुठे, हा मात्र राहिला. आणि आणखी एक शंका आहे. आमच्या गावात फवारणीच्या नॅनो खताची बाटली आली, तेव्हापासून "नॅनो" म्हणजे सगळे एकच असे लोकांना वाटते. बाजारात एक जण तर मागच्या महिन्यात सांधेदुखीवर "नॅनो थेंब" विकून गेला. हे सारे एकाच जातीचे आहे का?

स्लाइडवरची धूळ

मी गडचिरोली जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात तंत्रज्ञ आहे. सिकलसेलची चाचणी, हिवतापाच्या काचा आणि रक्तातील साखर हे माझे रोजचे काम. शेवटच्या शंकेपुरते लिहितो.

नॅनो हे मापाचे नाव आहे, पदार्थाचे नव्हे. "इंच" म्हटल्याने पाइप, पट्टी आणि पाऊस एका जातीचे होत नाहीत, तसेच हे. फवारणीच्या बाटलीतला युरिया अर्धवाहक नाही. गर्भधारणेच्या किंवा कोविडच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघ बहुधा सोन्याच्या नॅनोकणांची असते, सोने धातू आहे, तोही अर्धवाहक नाही. त्या पट्टीवर क्वांटम डॉट वापरून अतिनील दिव्याखाली अधिक फिकट रेघही वाचता येते, असे काम झाले आहे, आणि मला स्वतःला या कणांचा खरा उपयोग तेथेच दिसतो, कारण पट्टीवर टाकलेला थेंब रुग्णाच्या शरीरात परत जात नाही. उलट, खरे अर्धवाहक आपल्या घरात नकळत आहेत. गोवर-कांजिण्यांत अंगाला लावायच्या कॅलामाइनमध्ये झिंक ऑक्साइड असते आणि कित्येक गोळ्यांचे पांढरे आवरण टायटॅनियम डायऑक्साइडचे असते. हे दोन्ही अर्धवाहक आहेत. टायटॅनियम डायऑक्साइड खाद्यपदार्थांत घालण्यास युरोपीय संघाने २०२२ पासून बंदी केली. सांधेदुखीच्या थेंबांत काय होते हे बाटली तपासल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि विकणारा तर नाहीच नाही.

एक गोष्ट तंत्रज्ञ म्हणून खटकते ती अशी. "या कणांनी पेशी मेल्या नाहीत" असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ते बहुधा रंग बदलणाऱ्या चाचणीवरून सांगितलेले असते. कण स्वतःच प्रकाश शोषतो आणि सोडतो, त्यामुळे तो चाचणीच्या रंगात लुडबुड करतो. आमच्याकडे पिवळसर झालेल्या रक्तद्रवाने जसे आकडे चुकतात, तसेच तेथेही चुकू शकतात. दुसऱ्या पद्धतीने पडताळल्याशिवाय तो आकडा मी तरी वहीत लिहिणार नाही.

पेशीवेडी

स्लाइडवरची धूळ यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. आमचे एक संपूर्ण वर्ष त्याच चुकीत गेले होते. केवळ कण घातलेली, पेशी नसलेली तबकडी सोबत ठेवायची असते, ती आम्ही ठेवली नव्हती.

आता "थुंकते कुठे". एकट्या पेशीपुरते पाहिले तर तीन गोष्टी होतात. काही पिशव्या परत पटलाशी येऊन कण बाहेर टाकतात, पण हे प्रमाण थोडे असते. पेशीचे विभाजन झाले की कण दोन्ही लेकींत वाटले जातात, त्यामुळे दर पिढीला चमक अर्धी-अर्धी होत जाते. आणि उरलेले कण केंद्रकाजवळ लयकारिकांमध्ये ढीग करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली हा ढीग पाहिला, तर कोपऱ्यात शेकोटी पेटवलेली दिसते आणि बाकीचे घर अंधारात. पुष्कळ कामांत ही शेकोटीच अडचण ठरते, कारण औषध पोहोचवायचे असते पेशीद्रवात किंवा केंद्रकात, आणि कण तर पिशवीतच अडकून राहिलेला. त्याला पिशवीतून फोडून बाहेर काढण्यासाठी धन प्रभार असलेले लेप वापरतात. पेशीपटल बाहेरून ऋण असल्याने असे कण लवकर शिरतातही, परंतु तेच पटल फाडतात आणि पेशी मरते. माझ्या मते या क्षेत्रातले अर्धे शोधनिबंध या एका ओढाताणीचेच आहेत.

संपूर्ण शरीराचा हिशेब आणखी अवघड आहे. शिरेतून दिलेले कण प्रथम यकृतातल्या आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींच्या हाती लागतात, आणि त्या पेशींचे कामच उपरे काही आले की पकडून ठेवणे हे आहे. मूत्रपिंडावाटे बाहेर जायचे तर चाळणीतून जावे लागते. २००७ मध्ये उंदरांवर मोजले गेले, की पाण्यातला एकूण व्यास साडेपाच नॅनोमीटरपेक्षा कमी असेल तरच कण लघवीतून झपाट्याने बाहेर पडतो. आता पेच पाहा. विष बाहेर येऊ नये म्हणून कवच हवे, प्रथिनांचा चिखल कमी चिकटावा म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखा लेप हवा, निशाण साधावे म्हणून प्रतिपिंड हवे, आणि एवढे सगळे चढवले की तुरीचा दाणा बोराएवढा होतो आणि चाळणीवर अडतो. एकट्या प्रतिपिंडाचाच आकार दहा नॅनोमीटरच्या घरात जातो. जो कण सुरक्षित राहावा म्हणून आपण सजवतो, तोच त्या सजावटीमुळे शरीरात मुक्काम ठोकतो. त्या २००७ च्या कामात सिस्टीन या छोट्या अमिनो आम्लाचा पातळ लेप दिला होता, ज्यावर धन आणि ऋण प्रभार दोन्ही असल्याने प्रथिने फारशी चिकटत नाहीत आणि व्यासही वाढत नाही. पण त्या सडपातळ कणावर मग औषध किंवा निशाणाचे साधन बसवायला जागा फार थोडी उरते.

२०१२ मध्ये ऱ्हीसस माकडांना कॅडमियमचे, नीट कवच आणि लेप दिलेले कण टोचून नव्वद दिवस पाहिले गेले. माकडे हिंडती-फिरती होती, रक्ताच्या तपासण्या सामान्य राहिल्या, आणि अवयवांत दिसेल असा बिघाडही आढळला नाही. ज्यांना चांगली बातमी हवी असते ते एवढेच सांगतात. त्याच कामात हेही आहे, की नव्वद दिवसांनंतर दिलेले बहुतेक कॅडमियम यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडातच होते. मूत्रपिंडातल्या दहा ते तीस वर्षांपुढे नव्वद दिवस म्हणजे एक हंगामही नव्हे.

म्हणून आता अनेक जण बाहेर पडण्याऐवजी आतच विरघळण्याच्या वाटेने जात आहेत. सिलिकॉनचा नॅनोकण शरीरात हळूहळू सिलिसिक आम्लात बदलतो आणि ते लघवीतून जाते. झिंक ऑक्साइड तर लयकारिकेच्या आंबटपणात झपाट्याने विरघळते. झिंक पेशीला लागतेच, मात्र एकदम भाराभर सुटले तर तेही मारते, आणि कर्करोगाच्या पेशीवर हाच मारा करता येईल का यावर काम चालू आहे. इंडियम फॉस्फाइडमध्ये कॅडमियम नाही, म्हणून तो टीव्हीत आला, पण इंडियमही काही साखर नव्हे. भारतातही २०१९ पासून जैवतंत्रज्ञान विभागाची नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. अशा प्रत्येक औषधाचे शरीरात वितरण कसे होते आणि ते बाहेर कसे पडते, हे स्वतंत्रपणे दाखवावे लागते. बाजारातल्या थेंबवाल्याने ते दाखवले असेल असे वाटत नाही.

जाता जाता मुलीसाठी एक गोष्ट, जी पहिल्यांदा कळली तेव्हा मी दोन दिवस तिच्याच विचारात होते. कॅडमियम असलेल्या द्रवात वाढवलेले काही किण्व (यीस्ट) स्वतःच कॅडमियम सल्फाइडचे अर्धवाहक स्फटिक तयार करते, असे १९८९ मध्ये दिसून आले, आणि त्या कामात पुढे नोबेल मिळालेले ब्रुसही होते. विषारी आयन मोकळा फिरण्यापेक्षा त्याला गंधकाशी बांधून, वरून लहान प्रथिनांचे वेष्टण घालून बाजूला ठेवणे पेशीला परवडते. २०१३ मध्ये तर कॅडमियम आणि टेलुरियमचे क्षार मिसळलेल्या मातीत ठेवलेल्या गांडुळाच्या शरीरात प्रकाशणारे कॅडमियम टेलुराइडचे कण तयार झालेले सापडले. म्हणजे कणाभोवती वेष्टण घालण्याची युक्ती किण्वालाही जमते.

यशोदाकाठचा मास्तर

शुक्रवारी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन तुकडा काढून आलो. अहवाल आठ-दहा दिवसांनी मिळेल. खर्‍याची पुडी आतेभावाने बसस्थानकावरच टाकली. परत येताना त्याने टपरीकडे दोनदा पाहिले, ते मी पाहिले नाही असे दाखवले.

हळदीचा प्रयोग शनिवारी केला. भांडारघराच्या खिडकीला सतरंजी लावून अंधार केला, आणि किराणा दुकानदाराकडून नोटांचा टॉर्च तासाभरासाठी मागून आणला. द्रव उजळला तेव्हा मुलांनी जो आवाज केला, त्याने मुख्याध्यापक धावत आले. फडकेही दुपारी दोनपर्यंत अर्धे पांढरे पडले होते. ताईंचे उत्तर मी वर्गात वाचले. गांडुळाच्या वाक्यावर ती मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मग ते गांडूळ कोंबडीने खाल्लं तर?"

हा प्रश्न वेगळा धागा काढून विचारावा की येथेच?

निवृत्त रसायन

येथेच विचारा. मात्र तिला आधी हे विचारा, की कोंबडीच्या पोटातला सामू किती असतो आणि त्यात ते कण टिकतील का. त्याचे उत्तर तिने वहीत लिहून आणले, की मग आपण पुढे बोलू.